थंडीच्या रात्री घरच्यांसाठी: माशाच्या डोक्याचं जवारीचं दाट सूप



आपल्या आदिलाबादची थंडी मी तुम्हाला काय सांगावी? टीव्हीवर तेलंगणातल्या सगळ्यात थंड गावांची नावं आली की आपल्या बाजूच्या भीमपूर मंडलातलं आर्ली त्यात हमखास असतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तळ्यावर जाळं ओढायला उतरायचं म्हणजे पाय पाण्यात टाकायच्या आधी देवाचं नाव घ्यावं लागतं. घरात बसणाऱ्याला थंडी म्हणजे शेकोटी. आपल्याला थंडी म्हणजे ओली लुंगी, बधिर बोटं आणि अर्धी भरलेली टोपली.

आज सोसायटीचा हिशेब नाही, सभेची नोटीस नाही. आज स्वयंपाकाचं लिहितो आहे. हसू नका. सेक्रेटरीनं स्वयंपाकाचं का लिहावं ते खाली कळेल.

गोष्ट कुठून सुरू झाली

मागच्या थंडीत एका सभासदाकडे सही घ्यायला रात्री आठच्या सुमाराला गेलो. त्या दिवशी आपल्या तळ्यावर बऱ्यापैकी माल निघाला होता. कतला, रोहू, थोडी मिरगल. दादा अजून हातपाय शेकत बसले होते. वहिनींनी चहा दिला. लेकरं जेवत होती. ताटात भात, तिखट आणि पातळ वरण. मी सहज विचारलं, "आज मासा नाही?" वहिनी म्हणाल्या, "मासा काट्यावर गेला ना भाऊजी. घरी कुठून येईल?"

काट्यावर म्हणजे व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर. उचल घेतलेली असते, माल निघाला की पहिला तो काटा भरायचा. मी घरी आलो आणि माझ्या ताटात पाहिलं. आमच्याकडेही तेच होतं. दिवसभर मासा पाहायचा, मासा मोजायचा, मासा लिहायचा आणि रात्री मिरचीचा ठेचा खायचा.

२०१६-१७ पासून सरकारी मत्स्यबीज आपल्या तळ्यांत पडायला लागलं, त्यामुळे माल वाढला हे खरं. पण माल वाढला म्हणून घरातला मासा वाढला का? तुमच्या घरचा हिशेब तुम्हीच करा. आठवड्यात किती वेळा मासा शिजतो?

डोकं टाकून द्यायची वस्तू नाही

बाजारात गिऱ्हाईक काय म्हणतं ते आपण रोज ऐकतो. "तुकडे करून दे, डोकं राहू दे." कतल्याचं डोकं वजनात मोठं, जवळपास पाव हिस्सा भरतं. ते कोपऱ्यात पडून राहतं. संध्याकाळी कोणीतरी कमी भावात उचलतं, नाहीतर कुत्र्यापुढे जातं. खरं तर डोक्यातच गालाचं मऊ मांस असतं, मानेचा जाड तुकडा असतं, आणि कातडी-हाडात तो चिकटपणा असतो ज्यानं रस्सा अंगावर येतो.

जगात जिथं जिथं मासेमारी चालते तिथं हे कळलेलं आहे. फ्रान्समधल्या मार्सेच्या कोळ्यांचं बुइयाबेस नावाचं सूप आज मोठ्या हॉटेलात मिळतं, पण त्याची सुरुवात बाजारात न खपणाऱ्या काटेरी माशांपासून झाली असं सांगतात. स्कॉटलंडमध्ये कलन नावाचं मासेमारीचं गाव आहे. तिथं धुरावलेला मासा, आलू आणि दूध घालून कलन स्किंक नावाचं दाट सूप करतात. फिनलंडमध्ये बर्फाच्या दिवसांत सामन मासा, आलू आणि साय घालून सूप करतात, आठवड्यातल्या कुठल्याही साध्या दिवशी. तिथल्या लोकांनाही आपल्यासारखंच थंडीत पाण्यावर जावं लागतं आणि घरी आल्यावर गरम, दाट, पोटभर काहीतरी लागतं.

आता तुम्ही म्हणाल, दूध आणि मासा? आपल्याकडे चालत नाही. आयुर्वेदातही त्याला विरुद्ध आहार म्हटलं आहे. मी त्यावर वाद घालणार नाही, कारण आपल्याला दुधाची गरजच नाही. साईसारखा दाटपणा आपल्या घरातच आहे. जवारीचं पीठ, भाजलेले शेंगदाणे आणि एक आलू.

आजीचं आळण

माझ्या आजीचं माहेर किनवटकडचं. १९५६ पर्यंत किनवट आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं, मग भाषावार राज्यं झाली आणि ते नांदेडला गेलं. त्यामुळे आमच्या घरात अंबलीही असते आणि आंबीलही, पुलुसूही असतो आणि रस्साही. आजी पातळ रस्सा दाट करायला जवारीचं पीठ कालवून लावायची. त्याला आळण म्हणायची. घरात खाणारी तोंडं दहा आणि मासा एक, तेव्हा आळणच सगळ्यांना पुरायचं. आम्हाला वाटायचं आजी मुद्दाम दाट करते. आता कळतं, ती पुरवत होती.

हे सूप तेच आळण आहे. थोडं नीट मापात बसवलं आहे, एवढंच.

तेलुगूत तल म्हणजे डोकं आणि मडुगु म्हणजे डोह. गावाच्या नावाचा अर्थ तोच लावा असं मी म्हणत नाही, पण तलमडुगूत डोक्याचं सूप करायला यापेक्षा चांगलं निमित्त कोणतं?

सामान (पाच माणसांना, रात्रीचं जेवण म्हणून)

कतला किंवा रोहूची दोन मध्यम डोकी, सोबत शेपटीकडचा एखादा तुकडा. सगळं मिळून पाऊण ते एक किलो.
पाणी दीड लिटर.
जवारीचं पीठ पाच मोठे चमचे.
भाजून सोललेले शेंगदाणे एक मूठ. शेंगदाणे सोसत नसतील त्यांनी भाजलेले तीळ घ्यावेत.
एक मोठा आलू, दोन कांदे, दोन टमाटर.
लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, बोटभर अद्रक, दोन हिरव्या मिरच्या.
जिरं, हळद, दहा-बारा मिरे, मीठ.
तेल दोन मोठे चमचे. चिंच लिंबाएवढी, एक लिंबू, मूठभर सांबार (कोथिंबीर).

आमच्या घरात यातलं विकत आणावं लागतं ते फक्त लिंबू आणि टमाटर.

डोकं साफ करताना

इथंच बहुतेक जणांचं चुकतं, आणि मग म्हणतात की डोक्याला वास येतो.

डोकं मधून उभं चिरून घ्या. आतले कल्ले पूर्ण काढून टाका, लाल रंगाचं काही राहू देऊ नका. कडूपणा आणि वास तिथूनच येतो. पोटाकडचा भाग असेल तर पित्ताची पिशवी फुटलेली नाही ना ते पाहा. खवले मानेजवळ चिकटून राहतात, तेही खरवडा.

तळ्याच्या माशाला कधीकधी मातीचा वास असतो. तो माती खाल्ल्यानं येत नाही. पाण्यातल्या शेवाळात आणि बारीक जंतूंत एक पदार्थ तयार होतो, तो माशाच्या चरबीत बसतो. आंबट पदार्थानं तो कमी होतो. म्हणून मीठ, हळद आणि चिंचेचं पाणी लावून दहा मिनिटं ठेवा, मग दोन पाण्यांनी धुवा. आपल्या आया हे आधीपासून करत आल्या आहेत.

कृती

एक. गंजात दीड लिटर पाणी, डोकी, एक कांदा चार फोडी करून, अर्धा लसूण, ठेचलेलं अद्रक, मिरे, हळद आणि थोडं मीठ घाला. आलू सोलून मोठ्या फोडी करून त्यातच टाका. उकळी आली की वर फेस येतो, तो चमच्यानं काढा. मग आच कमी करा आणि वीस-पंचवीस मिनिटं मंद शिजू द्या. खळखळ उकळू देऊ नका. जोरात उकळलं की मांस फुटतं, बारीक काटे सगळीकडे पसरतात.

दोन. तोवर जवारीचं पीठ कोरड्या तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं भाजा. खमंग वास आला की बस, लाल करू नका. शेंगदाणे थोड्या पाण्यात एकदम बारीक वाटा.

तीन. डोकी बाहेर काढा. आलूच्या फोडी वेगळ्या काढून कुस्करा. पाणी गाळणीनं गाळा. मग दुसऱ्यांदा फडक्यातून गाळा. डोकी कोमट झाली की हातानं गालाचं, मानेचं मांस सोडवा. हे काम घाईत करू नका आणि लेकरांना देऊ नका. रोहू-कतल्यात केसासारखे काटे असतात, बोटांनी चाचपूनच कळतात.

चार. गंजात तेल तापवा. जिरं, दुसरा कांदा बारीक चिरून, उरलेला लसूण आणि मिरच्या परता. टमाटर घालून मऊ होऊ द्या. त्यात गाळलेलं पाणी, कुस्करलेला आलू आणि शेंगदाण्याचं वाटण घाला.

पाच. आता आळण. भाजलेलं पीठ पूर्ण थंड झाल्यावर एका वाटीत घ्या आणि वाटीभर थंड पाण्यात गुठळी न राहता कालवा. रस्सा उकळत असताना एका हातानं धार धरा, दुसऱ्या हातानं हलवत राहा. मग मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा. मधेमधे तळापासून हलवा, पीठ तळाला बसतं.

सहा. सोडवलेलं मांस घाला, दोन मिनिटं ठेवा, मीठ पाहा. गंज खाली उतरवल्यावर लिंबू पिळा, वरून सांबार आणि थोडी मिरपूड.

सगळं मिळून तासभर लागतो. त्यातला अर्धा वेळ गंज आपला आपण शिजत असतो. सातला चूल पेटवली तर आठला जेवण. कुकर असेल तर पहिल्या टप्प्याला एक शिट्टी आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटं पुरतात.

सोबत जवारीची भाकर कुस्करून घ्या किंवा गरम भातावर ओता. नुसतं वाटीत प्यायलं तरी पोट भरतं.

माझं पहिल्यांदा काय चुकलं

मी पहिल्यांदा केलं तेव्हा पीठ सरळ उकळत्या रश्श्यात टाकलं. बोराएवढ्या गुठळ्या झाल्या. बायको म्हणाली, "सूप म्हणता की गोळे?" कारण असं की गरम पाणी लागताच पिठाच्या गोळ्याची बाहेरची बाजू शिजून बंद होते आणि आत कोरडं पीठ राहतं. थंड पाण्यात कालवलं की प्रत्येक कण सुटा राहतो, मग तापल्यावर सगळे एकदम फुगतात आणि रस्सा साईसारखा होतो.

दुसरी चूक, घाई. आळण घातल्यावर लगेच दाट दिसलं म्हणून मी उतरवलं. कच्च्या पिठाची चव आली. आठ-दहा मिनिटं द्यायचीच.

आणि हे ठेवल्यावर आणखी दाट होतं. वाढताना गरम पाणी घालून सारखं करा, थंड घालू नका.

लेकरं आणि म्हातारी माणसं

लेकरांच्या वाटीतलं मांस पुन्हा एकदा चाचपून द्या. काटा घशात अडकला तर कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावतात, तसं करू नका. काटा आणखी खोल रुतू शकतो. दवाखान्यात न्या.

पोषणाचं खरं तेवढंच सांगतो. शंभर ग्रॅम रोहूत साधारण १६-१७ ग्रॅम प्रथिनं असतात. जवारीत लोह असतं, आणि लिंबू व मासा सोबत असला की ते अंगाला जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा प्यायला की कमी लागतं. हाडं उकळली की सगळं कॅल्शियम रश्श्यात उतरतं असं लोक म्हणतात, ते तितकं खरं नाही. कॅल्शियम हवं तर काट्यासकट चावून खाता येणारी बारीक मासळी खा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांत हाच आकडा ६७ टक्के. एका सूपानं हे बदलणार नाही. पण मासा पकडणाऱ्याच्या घरात बाई शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला नुसता रस्सा येतो, हे तर आपल्याला बदलता येतं. डोक्यातलं मांस सोडवून सूपात मिसळलं की प्रत्येक वाटीत सारखं जातं. आमच्या घरी तरी तसं झालं.

तळ्यावरच्या दादांसाठी

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. थंडीत पाण्यात उतरायच्या आधी "दोन घोट" घेतले की ऊब येते असं आपल्यात समजतात. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून गरम वाटतं. पण आतली उष्णता त्याच वाटेनं बाहेर जाते आणि शरीर लवकर गार पडतं. वर तोल जातो. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा छोट्या नावेत तोल जाणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

त्याऐवजी थर्मासमध्ये हे सूप पातळ करून न्या. मांस न घालता, नुसतं गाळलेलं, म्हणजे अंधारात काट्याची भीती नाही. वर आलात की आधी ओले कपडे बदला, मग प्या. नाव मालकांना विनंती की हंगामात एक चांगला थर्मास नावेसोबत ठेवा. जाळ्याच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही.

मासा नसेल त्या दिवशी

मार्गशीर्षातले गुरुवार, काहींचे शनिवार, असे दिवस थंडीतच येतात. तेव्हा हीच कृती तुरीच्या डाळीच्या पाण्यात करा आणि आलूसोबत लाल भोपळ्याच्या फोडी शिजवून कुस्करा. आळण तेच, शेंगदाणे तेच. माझ्या धाकट्याला हे जास्त आवडतं.

मरळ मिळाली तर काय सांगावं. राज्याचा मासा आहे, तेलुगूत कोर्रमीनु. काटे कमी, मांस घट्ट. पण तिचा भाव पाहता अख्खी मरळ सूपात घाला असं मी म्हणणार नाही. डोकं घाला, बाकीची विका. झिंगे असतील तर सोललेली डोकी तेलात परतून, पाण्यात उकळून गाळा, रस्सा लालसर आणि गोडसर होतो.

उरलं तर? फ्रिज असेल तर दोन तासांच्या आत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण उकळूनच खा. फ्रिज नसेल तर थंडी आहे म्हणून रात्रभर बाहेर ठेवू नका. लागेल तेवढंच करा.

आता सेक्रेटरीचं बोलणं

हे सगळं मी सोसायटीत काही ज्येष्ठ मंडळींपुढे बोललो. एक काका म्हणाले, "सेक्रेटरी, डोक्याचेही पैसे येतात. पोट बाजारावर चालतं, सूपावर नाही." त्यांचं चूक नाही. ज्याच्या डोक्यावर उचल आहे त्याला दोन डोकी बाजूला काढणंही जड जातं, हे मला हिशेबाच्या वहीत रोज दिसतं.

पण मी त्यांना विचारलं, "काका, दोन डोकी काट्यावर टाकली तर जे पैसे येतात त्यात पाच माणसांचं रात्रीचं जेवण होतं का?" काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भाजीच पन्नास-साठची येते."

तर माझी सूचना अशी. ज्या दिवशी माल निघेल त्या दिवशी काटा भरायच्या आधी प्रत्येक घरासाठी दोन डोकी किंवा अर्धा किलो मासळी बाजूला काढायची. त्याला घरवाटा म्हणू. वहीत वेगळा रकाना करून लिहायचं, म्हणजे व्यापाऱ्याशीही वाद नको आणि आपापसातही नको. ज्याला नको त्यानं विकावं, जबरदस्ती नाही. पुढच्या सभेत हा विषय मी मांडणार आहे. घरी वहिनींशी, ताईंशी बोलून या. या विषयात त्यांचं मत आपल्यापेक्षा जास्त मोलाचं आहे.

त्या दादांच्या घरी मी पुन्हा गेलो होतो, याच थंडीत, सहीसाठीच. वहिनींनी चहा विचारला नाही. सरळ वाटी पुढे केली. वर सांबार, खाली कतल्याच्या गालाचं मांस. लेकरं दुसऱ्यांदा मागत होती. मीठ थोडं जास्त झालं होतं. मी काही बोललो नाही, दोन वाट्या प्यालो.

तुम्ही करून पाहा. तुमच्या घरी आळण कसं लावतात, मक्याचं पीठ वापरतात का, चिंच घालतात का, ते खाली लिहा. फोटो टाका. बिघडलं तरी टाका, गुठळ्यांचा पहिला मान माझाच आहे.

आपला,
सचिव